राजपुत्र तळघरात, सर पलंगाखाली

साकोलीत ज्यानं आयुष्यात एकदा जरी कॉम्प्युटरचा क्लास चालवला, तो मरेपर्यंत ‘सर’. क्लास बंद पडो, यंत्रं भंगारात जावोत, पदवी शाबूत राहते. महामार्गापासून दोन गल्ल्या आत अशाच एका सरांचं दुकान आहे. धानखरेदीची ऑनलाइन नोंदणी, सातबारा, पॅन-आधार जोडणी, झेरॉक्स, लॅमिनेशन ही त्यांची दिवसाची कामं. रात्री शटर अर्धं खाली आलं की त्यांचा खरा उद्योग सुरू होतो. त्यात एक पैसा मिळत नाही, वीजबिल तेवढं वाढतं आणि घरातली माणसं बोलणं कमी करतात. सर तीसेक वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर गेम आजच्या यंत्रांवर चालवून दाखवतात. निदान तसा प्रयत्न करतात. असा एक सर प्रत्येक तालुक्याच्या गावी निघतोच. लाखनी, तुमसर, देवरीच्या वाचकांनी आपापल्या सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पुढचं वाचायला हरकत नाही.

सरांच्या उमेदीच्या काळात क्लासच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. धूळ आत गेली की कॉम्प्युटरला व्हायरस होतो, अशी विद्यार्थ्यांची पक्की समजूत होती आणि सरांनी ती कधी खोडून काढली नाही, कारण त्यामुळे झाडू मारायचं काम वाचत होतं. खोलीत कूलर असे, पण त्याचं तोंड यंत्रांकडे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे निघाला, की पालक खास भेटायला येत आणि आपल्या मुलाला कॉम्प्युटरच्या अगदी जवळ बसवा म्हणून सांगत. सरांना वाटे, केवढी ही शिक्षणाची ओढ! २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी आली, सरकारी नोकरीला ती लागू लागली आणि पन्नाशीचे गुरुजीही वही घेऊन हजर झाले. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की ते हात वर करून विचारत, “सर, रस्ता संपला. आता?”

अभ्यासक्रमात वर्ड होतं, एक्सेल होतं. पोरं मात्र फी भरत ती शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी. त्या पंधरा मिनिटांत ‘डेंजरस डेव्ह’ उड्या मारी, ‘रोड रॅश’चे मोटारसायकलवाले एकमेकांना साखळीनं हाणत आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तला पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र तळघरात वाट पाहत उभा असे.

हा राजपुत्र म्हणजे खरं तर जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाचा धाकटा भाऊ. मेकनरनं त्याला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल कॉम्प्युटरवर उतरवली. १९८९ मध्ये गेम आला तो ॲपल टू यंत्रावर. १९९० मध्ये डॉसवर आला आणि पुढे फ्लॉपीत बसून, कुणालाही न विचारता, भारतभरच्या क्लासांत शिरला. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं मिळत. साकोलीत ही अट फार कडक होती. जाफर हा वजीर गेममधला खलनायक असला तरी तो दुय्यम. मुख्य खलनायक भारनियमन. छप्पन्नाव्या मिनिटाला राजपुत्र दारात पोचे आणि वीज जाई. मग कुणीतरी नागपूरहून गुपित आणलं: गेम सुरू करताना नावापुढे ‘मेगाहिट’ असं टाइप करायचं, की पातळ्या ओलांडता येतात, वेळही वाढवता येतो. तालुक्यातल्या कित्येक पोरांनी एकही चूक न करता टाइप केलेला पहिला इंग्रजी शब्द तोच.

हे सगळं सुखानं विस्मरणात गेलं असतं. पण दिवाळीला पुतण्या नागपूरहून आला. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सोबत साठ हजारांचा लॅपटॉप, कीबोर्डखाली रंगीत दिवे. चकली मोडत त्यानं सहज विचारलं, “काका, तुमच्या टायमाले गेम होते काय?”

सर उठले आणि थेट पलंगाखाली शिरले. पाचेक मिनिटं फक्त पाय दिसत होते. मग एक खोकं बाहेर आलं आणि त्यामागोमाग जाळ्यांनी माखलेले सर. खोक्यात सीड्या होत्या, मार्करनं नावं घातलेल्या: ‘गेम’, ‘गेम न्यू’, ‘गेम न्यू न्यू’, ‘मिक्स (चालते)’, ‘मिक्स (चालत नाही)’. ही शेवटची कशासाठी ठेवली, हे काकूंनी आजवर अनेकदा विचारलं आहे. सरांचं उत्तर ठरलेलं: “पुढंमागं चालन.”

त्याखाली ‘चिप’, ‘पीसी क्वेस्ट’ आणि ‘डिजिट’ या मासिकांबरोबर आलेल्या सीड्या निघाल्या. मासिकं रद्दीत गेली, सीड्या राहिल्या. त्यांत गेमचे डेमो असत, म्हणजे पहिली पातळी फुकट आणि पुढचं विकत घ्या. सरांनी पुढचं कधी घेतलं नाही. त्यामुळे आज त्यांच्याकडे शेकडो गेमच्या पहिल्या पातळ्या जतन आहेत. कोणत्या गोष्टीचा शेवट काय झाला ते त्यांना ठाऊक नाही, सुरुवात मात्र कोणतीही विचारा.

सरांनी लॅपटॉप हातात घेतला. पुढून पाहिला, मागून पाहिला, उताणा करून पाहिला.

“टाकाची कुठून?”

“काय?”

“सीडी.”

“काका, याले सीडी नसते.”

“मंग गेम येते कुठून?”

“वरून.”

सरांनी वर पाहिलं. वर पंखा होता.

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला गेला. तो येईपर्यंत सरांनी सगळ्या सीड्या धुतल्या. आधी पाण्यानं, मग साबणानं, शेवटी टूथपेस्टनं. काकूंनी दुसऱ्या दिवशी ट्यूब दाबून पाहिली तेव्हा त्यातून हवा आली. ड्राइव्ह आला, सीडी आत गेली, घरघर झाली, सगळ्यांनी श्वास रोखला आणि पडद्यावर नम्र सूचना आली: हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही.

सातबारा न्यायला आलेले शेजारचे बापू खुर्चीवर बसले होते. सरांनी त्यांनाच समजावून सांगायला घेतलं. जुने डॉस आणि सुरुवातीच्या विंडोजचे प्रोग्रॅम सोळा बिटचे. आजची विंडोज चौसष्ट बिटची. ती बत्तीसवाल्यांना सांभाळून घेते, पण सोळावाल्यांना दारात उभं करत नाही. विंडोज ११ तर चौसष्ट बिटशिवाय निघतच नाही. त्यातही गंमत अशी, की कित्येक गेम स्वतः बत्तीस बिटचे, म्हणजे चालण्याजोगे. पण ते बसवणारा इन्स्टॉलर सोळा बिटचा. गेम धडधाकट, बसवणाराच चालेना.

बापूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे माह्या वारस नोंदीसारखंच झालं. जमीन आहे, पोरगा आहे, पन मदातला कागद जुना.” सरांनी आजवर बिटचा हिशोब अनेकांना समजावला होता. तो समजलेला पहिला माणूस हा.

सोळा बिटचा अडसर ओलांडला तरी पुढे वेगाचा असतो. जुन्या काळच्या बऱ्याच गेमना वेगळं घड्याळ नसे. प्रोसेसर जेवढा पळेल तेवढा गेम पळे. म्हणून त्या वेळच्या डब्यांवर ‘टर्बो’ नावाचं बटण असे. नावावरून वाटतं वेग वाढवायचं, पण खरा उपयोग यंत्राला हळू करायचा. आजच्या लॅपटॉपवर असा गेम सरळ सोडला तर गडी सुरू होऊन मेलासुद्धा, हे डोळ्यांना कळायच्या आत ‘गेम ओव्हर’ येतं.

यावर उपाय म्हणजे डॉसबॉक्स. २००२ मध्ये पहिल्यांदा निघालेला हा फुकट प्रोग्रॅम नव्या यंत्राच्या पोटात एक जुनं यंत्र उभं करतो: जुना प्रोसेसर, जुनं साउंड ब्लास्टर कार्ड, जुनी डॉस, सगळं लटकं, पण गेमला कळत नाही. झाडीपट्टीत दिवसा धानाची पोती उचलणारा गडी रात्री मुकुट चढवून नाटकात राजा होतो. इथं राजालाच गडी व्हायचं असतं. साठ हजारांच्या लॅपटॉपला सर म्हणतात, आता तू गरीब आहेस, हळू चाल. कंट्रोल दाबून एफ-इलेव्हन की वेग कमी, एफ-ट्वेल्व्ह की जास्त. पुतण्या हळहळला: “काका, एवढा फास्ट प्रोसेसर घेतला मी!” सर समाधानानं म्हणाले, “म्हणूनच तं इतका मस्त स्लो होऊन राहिला.”

रंगांची कथा त्याहून न्यारी. ती आजची नाही, विंडोज ७ च्या काळातली. सरांनी तेव्हा ‘एज ऑफ एम्पायर्स’ लावला होता. १९९७ चा हा गेम २५६ रंगांत चालतो आणि त्या रंगांचा तक्ता एकटा गेमच वापरतोय, असं धरून चालतो. पण नव्या विंडोजचा एक्सप्लोरर, म्हणजे पडद्यावरच्या पट्ट्या आणि चिन्हं सांभाळणारा प्रोग्रॅम, मधेच त्या तक्त्यात हात घालायचा. परिणामी गवत जांभळं, पाणी लाल. जगभर लोक हैराण झाले होते. साकोलीत दुकानात आलेले एक शेतकरी मात्र पडद्याजवळ गेले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “करपा आहे.”

दुसऱ्यानं मान हलवली. “करपा असा नसते. तुडतुडे दिसतात.”

“सर, युरिया जास्त टाकला असन तुम्ही.”

त्यावरचा खराखुरा इलाज कृषी केंद्रात मिळण्यासारखा नव्हता. टास्क मॅनेजर उघडायचा, एक्सप्लोरर बंद करायचा आणि मग गेम लावायचा. सरांनी तो केला. गवत हिरवं झालं, पण त्याच क्षणी पडद्यावरची सगळी चिन्हं, पट्ट्या, घड्याळ, झाडून सगळं नाहीसं झालं. आपल्या दाखल्याची स्कॅन कॉपी त्याच पडद्यावर पाहिलेला एक गिऱ्हाईक “माहा दाखला गेला!” म्हणून ओरडला. हिरवं गवत पाहायला कुणी थांबलं नाही.

मग येतो आवाज. नव्वदच्या दशकात ‘मल्टिमीडिया’ हे अक्षरशः श्रीमंतीचं लक्षण होतं; साधा कॉम्प्युटर एका भावाचा आणि सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड, दोन स्पीकरवाला मल्टिमीडिया दुसऱ्या भावाचा. क्लासच्या बोर्डावरही ते मोठ्या अक्षरांत असे. त्या काळच्या काही गेममध्ये संगीत फायलीत नसे, तर गाण्यांच्या सीडीसारखे वेगळे ट्रॅक असत. १९९६ च्या ‘क्वेक’चं संगीत ट्रेंट रेझ्नरनं केलं होतं आणि ती गेमची सीडी गाण्यांच्या प्लेअरमध्येही वाजे. कॉम्प्युटरच्या डब्यात सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक वायर जाई. गाणं त्या वायरीतून येई. सरांनी मोठ्या काळजीनं सीडीची आयएसओ प्रत काढली. आयएसओत फक्त डेटा येतो, गाण्यांचे ट्रॅक येत नाहीत. तेव्हा साकोलीतला ‘क्वेक’ अगदी शांततेत पार पडला. राक्षस येत, गोळ्या सुटत, माणसं मरत, मागे संगीत म्हणून फक्त बाजूच्या घरचा मिक्सर. बिन आणि क्यू अशी जोडफाईल काढली की ट्रॅकही टिकतात, हे सरांना नंतर कळलं. काकूंनी मात्र सांगून टाकलं, “तो बिनआवाजीच बरा होता.”

एवढ्या खोक्यात अस्सल, पैसे देऊन, पावतीसकट घेतलेली सीडी एकच. सरांनी तिला कधी कुणाला हातही लावू दिला नाही. सगळ्या सीड्यांत तीच चालत नाही. कारण तिच्यात चोरी रोखणारं कुलूप आहे. सेफडिस्क नावाच्या या कुलपाला विंडोजमधला एक खास ड्रायव्हर लागे. सुरक्षेला धोका म्हणून विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, तो काढून टाकला. कुलूप राहिलं, किल्ली गेली. नागपूरच्या बर्डीवरून तीस रुपयांत आणलेली ‘गेम न्यू न्यू’ मात्र झोकात चालते, कारण तिचं कुलूप कुणीतरी पुण्यवंतानं तेव्हाच तोडलं होतं.

एकदा गावातले वकीलसाहेब झेरॉक्सला आले असता त्यांनी हे सारं पाहिलं आणि विचारलं, “सर, हे कायद्यात बसतं का?” सर तयारच होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं बावन्नावं कलम त्यांनी तोंडपाठ केलं होतं: प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवू-बिघडू नये म्हणून राखीव प्रत काढता येते. वकीलसाहेब म्हणाले, “बरोबर. मूळ प्रत कायदेशीर असली म्हणजे झालं.” दोघांचीही नजर खोक्यावर गेली. वकीलसाहेबांनी त्या दिवशी झेरॉक्सचे पैसे दिले नाहीत आणि सरांनी मागितले नाहीत.

या सगळ्या खटाटोपात सरांना एक देवमाणूस भेटला. अर्थात प्रत्यक्ष नाही. लुडविग स्ट्रिगेउस हा स्वीडनचा तरुण आणि व्हिन्सेंट हॅम या दोघांनी २००१ मध्ये स्कमव्हीएम नावाचा प्रोग्रॅम सुरू केला. याच स्ट्रिगेउसनं पुढे म्यूटॉरेंट लिहिलं, तेव्हा पुतण्याच्या पिढीवरही त्याचे उपकार आहेतच. ‘मंकी आयलंड’सारखे लुकासफिल्मचे गेम चालवायला त्यांनी जुन्या यंत्राचं सोंग आणलं नाही. गेमचा मूळ प्रोग्रॅमच बाजूला ठेवला आणि चित्रं, संवाद, आवाज यांच्या फायली वाचणारा नवा प्रोग्रॅम लिहिला. पुढे त्यात इतर कंपन्यांचे शेकडो गेम सामावले. मॅक्रोमीडिया डायरेक्टरवर बांधलेल्या मल्टिमीडिया सीड्याही आता त्यात हळूहळू येत आहेत. सगळं स्वयंसेवकांचं काम, फुकट. सरांनी हे घरात सांगितलं तेव्हा काकूंना धक्का बसला. “म्हणजे तुमच्यासारखे आखीन आहेत?”

स्कमव्हीएमच्या जोरावर सरांनी ‘मिस्ट’ लावला. १९९३ चा हा गेम ‘सिम्स’नं २००२ मध्ये मागे टाकेपर्यंत जगात सर्वाधिक खपलेला पीसी गेम होता. एक निर्जन बेट, धुकं, पुस्तकं, काही यंत्रं. गल्लीतली पोरं जमली.

“मारामारी कवा आहे?”

“नाही.”

“गाडी?”

“नाही.”

“मंग कराचं काय?”

“विचार.”

पोरं गेली. एक जण थांबला, पण त्याला फोन चार्ज करायचा होता.

‘मिस्ट’चा पुढचा भाग ‘रिव्हन’, १९९७ चा, पाच सीड्यांचा. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेलं की गेम सीडी बदलायला सांगे. सरांनी एकेक सीडी टाकून फायली उतरवायला घेतल्या. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी सापडेना. खोकं उपसलं, पलंग हलवला, गादी उचलली. पुतण्यावर संशय गेला, मग बापूंवर. शेवटी काकूंनी परसदाराकडे बोट दाखवलं. पेरूच्या झाडाला, पाखरांनी फळं खाऊ नयेत म्हणून, दोऱ्यानं बांधलेल्या सीड्या वाऱ्यावर झगमगत होत्या. वरून तिसरी ‘रिव्हन’. तिच्या शेजारी ‘मिक्स (चालते)’ची दुसरी प्रत.

“अवो, चमकत होती म्हणून बांधली!”

“पाखरं तरी येत नाहीत ना?”

“येतात. पन आधी स्वतःले त्यात पाहून घेतात.”

सीडी उतरवली. एका बाजूनं ऊन, दुसऱ्या बाजूनं पोपट यांनी तिच्यावर आपापली कलाकुसर केली होती. ड्राइव्हनं ती आत घेतली, बराच वेळ घरघर केली आणि सन्मानानं परत केली.

अशा वेळी सर मेकनरच्या वडिलांची गोष्ट सांगतात. ‘प्रिन्स’चा मूळ सोर्स कोड मेकनर वर्षानुवर्षं शोधत होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात मागे सरकवलेलं एक खोकं सापडलं. त्यात ॲपल टूच्या फ्लॉप्या. इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि इतर मंडळी जुनी यंत्रं घेऊन जमली, फ्लॉप्या वाचल्या गेल्या आणि एप्रिलमध्ये तो कोड जगासाठी खुला झाला. “पाह्यलं का? खोकं जपून ठेवलं म्हणून,” असं म्हणून सर काकूंकडे पाहतात. काकू म्हणतात, “त्यांच्या घरी पेरू नसन.”

सरांना जगाचा हिशोबही पाठ आहे. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत निघालं. तिथल्या ग्रंथालयांनी मग परवानगी मागितली, की जपलेले गेम अभ्यासकांना घरबसल्या पाहू द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली गेली. लोक अभ्यासाच्या नावाखाली ते करमणुकीसाठी खेळतील, अशी एक भीती होती. सरांना ही भीती फार मोठी वाटते. त्यांनी जीव तोडून चालू केलेले गेम कुणी करमणुकीसाठी खेळावेत, म्हणून ते गिऱ्हाइकांना चहा पाजतात, तरी कुणी बसत नाही.

खरं सांगायचं, तर सरही खेळत नाहीत. रात्री दोन वाजता एखादा गेम सुरू होतो, पहिलं चित्र येतं, संगीत वाजतं आणि सर तेवढ्यावर तो बंद करून वहीत ‘चालला’ असं लिहितात. मग पुढची सीडी.

पुतण्याला या सगळ्याचं हसू येत होतं. एका संध्याकाळी सरांनी त्याला सहज विचारलं, “तू लहानपनी काय खेळायचा?” तो उत्साहानं उठला. सायबर कॅफेत ब्राउझरवर खेळायचो म्हणाला, आणि त्या गेमची जुनी नावं शोधू लागला. एकही उघडेना. ते फ्लॅशचे गेम होते. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं ते चालवणंच बंद केलं. मग त्यानं ‘अँग्री बर्ड्स’चा जुना भाग शोधला, अँड्रॉइडच्या दुकानातून तो फेब्रुवारी २०२३ मध्ये काढलेला. ‘पबजी मोबाइल’वर तर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनंच बंदी घातलेली, २०२१ मध्ये तो वेगळ्या नावानं परत आला. ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लोकांनी पैसे देऊन घेतला होता, पण कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि तो गेम कुणाच्याच घरी उरला नाही. चोविसाव्या वर्षी पोराला पोक्त माणसासारखा सुस्कारा आला.

“काका, माह्याजवळ तं सीडीही नाही.”

काकूंनी स्वयंपाकघरातून सांत्वन केलं, “झाडाले बांधाले तरी काही ठेवायचं होतं रे!”

सरांनी मात्र त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. बेन लॅटिमोर या ऑस्ट्रेलियन तरुणानं फ्लॅश मरण्याच्या आधीच फ्लॅशपॉइंट नावाचा संग्रह सुरू केला होता. त्यात आज दोन लाखांहून अधिक गेम आणि ॲनिमेशनं आहेत. शिवाय रफल नावाचा एम्युलेटर जुने फ्लॅश गेम ब्राउझरमध्येच चालवतो. मध्यरात्रीपर्यंत पुतण्याला त्याचे निम्मे गेम सापडले. ते त्यानं खेळले नाहीत. एक वही मागून घेतली.

भाऊबीज झाली, गावोगावच्या मंडया आणि त्यांतली नाटकं सुरू झाली, पाहुणे आले. सरांनी घरात जाहीर प्रयोग ठेवला: लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडलेला, डॉसबॉक्स तयार, ‘प्रिन्स’ हजर. पहिली अडचण, राजपुत्र लठ्ठ दिसू लागला. जुना गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचा, पण जवळपास चौकोनी मॉनिटरसाठी काढलेला. रुंद टीव्हीवर तो आडवा ताणला जातो. सर पट्टी घेऊन राजपुत्राची रुंदी मोजायला बसले, तोवर पाहुण्यांच्या पोरानं कीबोर्ड ताब्यात घेतला, राजपुत्र पळवला आणि जमिनीतून वर आलेल्या भाल्यांवर सोडून दिला.

“सेव्ह कुठं आहे?”

“तिसऱ्या पातळीपर्यंत सेव्ह होत नाही.”

“मंग परत पहिल्यापासून?” पोराच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जणू कुणी त्याचं दप्तर जाळलं. तरी पोरगं उठलं नाही. पुन्हा पळालं, पुन्हा मेलं, आणि पुन्हा कीबोर्डवर वाकलं. पुतण्या बाजूला बसून सूचना करू लागला. काकूही दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अरे, हळू जा ना तिथं, पाय पाहून टाक.”

बापू बराच वेळ गप्प बसून पाहत होते. त्यांनी सरांना जवळ बोलावलं.

“याले रिचार्ज लागते का जी?”

“नाही.”

“नेट?”

“तेही नाही.”

“मदात जाहिरात येते?”

“नाही येत.”

“मंग एवढा चांगला चालत होता, तं बंद काऊन पडला?”

असा प्रश्न सरांना पंचवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी पट्टी खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला. “त्याचं असं आहे बापू, प्रोसेसर दोन प्रकारचे...”

बापू धोतर सावरत उठले. मंडईतल्या नाटकाला उशीर होतो म्हणाले. नाटक रात्री दहाला होतं. तेव्हा जेमतेम सहा वाजले होते.